उपासाच्या दिवसाची गोळी

द्वारकाबाईंनी जन्मात एकही वस्तू वाया जाऊ दिली नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्या, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, तुटक्या चपलेचा अंगठा, सगळं त्यांच्या फडताळात आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेलं असायचं. घरच्यांनी या सवयीला वर्षानुवर्षं नावं ठेवली. शेवटी याच सवयीनं घराला हात दिला आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली, ते बरंच झालं.

उमरग्यात हायवेच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. मुलगा योगीराज, त्याचं हायवेवर ट्रकच्या टायरांचं दुकान. नवरा लिंबाजी सत्तरीचा, गावाकडच्या शेतात रोज सकाळी जाऊन तुरीला तोंड दाखवून परत यायचा. सून वैष्णवी मूळची बार्शीची, इथल्या कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायची. सासूला ती आत्याबाई म्हणे आणि सासऱ्याला मामा. शिकवायची सवय अशी की घरातसुद्धा एखादी गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

चार वर्षांपूर्वी द्वारकाबाईंना धाप लागायला लागली, अंगावरचं लुगडं सैल झालं आणि पोटाची डावी बाजू मात्र फुगली. सोलापूरला नेलं. रक्ताचा कर्करोग निघाला. घर हबकून गेलं. पण तिथल्या डॉक्टर अर्पिता मॅडमनी लगेच सांगितलं की याच्या अनेक जाती आहेत, त्यातली ही गोळीनं आटोक्यात राहणारी जात आहे. रोज एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही.

घरात त्या आजाराची आतली भानगड एकट्या वैष्णवीला कळली होती. पेशीच्या बाहेरून निरोप आला की आतली प्रथिनं तो एकमेकांकडं सोपवत केंद्रकापर्यंत नेतात, आणि तिथं जनुकाचं ठरावीक पान उघडतं. पानावर लिहिलेलं काम पेशी करते. निरोप थांबला की पान मिटतं. आत्याबाईंच्या पेशींमध्ये दोन जनुकांचे तुकडे चुकून एकमेकांना जोडले गेले होते, आणि त्यातून एक असं प्रथिन तयार होत होतं की ज्याला निरोपाची वाट बघणंच ठाऊक नव्हतं. ते आपलं रात्रंदिवस पुढच्या प्रथिनावर शिक्का मारत सुटलेलं. शिक्का बसलेलं प्रथिन केंद्रकात शिरायचं आणि 'वाढा, वाढा' हे पान उघडं ठेवायचं. गोळी काय करते, तर त्या पहिल्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसते. मग शिक्का चालत नाही. हे सगळं वैष्णवीनं फळ्यावर कितीदा तरी काढलं होतं. तेव्हा तिला वाटलं नव्हतं की ही आकृती एक दिवस घरी जेवायला बसेल.

या गोळीनं पोटात मळमळतं, म्हणून ती भरल्या पोटी घ्यायची. वैष्णवीनं लाल स्केचपेनानं चिठ्ठी लिहिली आणि स्वयंपाकघरातल्या फडताळावर चिकटवली. 'दुपारी पोटभर जेवण झाल्यावर एक गोळी. जेवणाशिवाय घेऊ नये.' दुसऱ्या वाक्याखाली तिनं दोन रेघा मारल्या. चौथी शिकलेल्या द्वारकाबाईंनी ती चिठ्ठी एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचली आणि म्हणाल्या, "लिवलंय तसंच करीन बग."

दर तीन महिन्यांनी सोलापूरला रक्त द्यायचं आणि एक आकडा यायचा. बिघडलेल्या जनुकाचं अंगात किती फावलंय, ते सांगणारा आकडा. तो शून्य पूर्णांक एकच्या खाली गेला की डॉक्टरांच्या कपाळावरची आठी जायची. अडीच वर्षांनी, एका दसऱ्याच्या तोंडावर, तो पहिल्यांदा त्या रेघेखाली गेला. शून्य पूर्णांक शून्य आठ. योगीराजनं दोन किलो पेढे आणून गल्लीत वाटले. पेढ्यांचा पत्र्याचा डबा द्वारकाबाईंनी धुऊन, पुसून फडताळात ठेवला.

आणि त्यानंतर आकडा चढायला लागला. आधी चिमूटभर, मग जरा जास्त. सोळा महिन्यांत तो एक पूर्णांक चारवर येऊन बसला. यंदाच्या फेब्रुवारीत अर्पिता मॅडमनी कागद बघून पेन खाली ठेवलं.

"आजी, गोळी रोज घेता ना?"

"घेते की. सुनंनं चिठ्ठी लिवलीय, तशीच घेते."

वैष्णवीनंही मान डोलावली. दर रविवारी ती गोळ्यांची पट्टी बघायची. तीस दिवसांत तीस गोळ्या बरोबर संपत होत्या.

"मग एकच शक्यता उरते," मॅडम म्हणाल्या. "त्या प्रथिनानं खाचेचा आकार बदलला असेल. गोळी आता तिथं नीट बसत नसेल. रक्त मुंबईला तपासणीला पाठवते, पंधरा दिवस लागतील. तसं निघालं तर दुसरी गोळी द्यावी लागेल. ती फार कडक आहे, आणि आजींचं हृदय आधीच थोडं नरम आहे." मग वैष्णवीकडं बघून त्या हळूच म्हणाल्या, "दुसरी लागू पडली नाही तर या वयात माझ्या हातात फारसं काही नाही."

त्या पंधरा दिवसांतले पहिले आठ दिवस वैष्णवीनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. अकरावीच्या वर्गात ती केंद्रकाचं वर्तुळ काढायची आणि खडू तिथंच थांबायचा. ज्या वर्तुळात शिरून काही करता येत नाही, त्याच्या बाहेर बाण काढत बसायचं, असं तिला वाटायचं आणि फळ्याचाच राग यायचा. घरी आली की सासू नेहमीसारखी निवांत तूर निवडत बसलेली. लिंबाजी मात्र शेतात जायचा थांबला होता. दिवसभर ओट्यावर बसून बायकोकडं चोरून बघायचा आणि तिनं बघितलं की गुडघा चोळायचा.

नवव्या दिवशी रविवार होता. दुपारची जेवणं झाली, आणि द्वारकाबाई फडताळातून तो पेढ्यांचा डबा घेऊन सुनेपुढं येऊन बसल्या.

"वैष्णवे, गोळी बदलनार म्हनं. मग ह्या उरलेल्या दुकानवाला परत घेतो का? लई म्हागाच्या हायत. वाया जायच्या उगं."

डब्यात गोळ्या होत्या. पट्टीपासून कात्रीनं कापलेला एकेक चौकोन, सीलबंद, तांदूळ भरावेत तशा भरलेल्या. वैष्णवीनं एक उचलून पाहिली. तीच गोळी.

"आत्याबाई, ह्या कुठून आल्या?"

"कुठून म्हंजी? उपासाच्या दिसाच्या."

वैष्णवीनं गोळी पुन्हा उलटीपालटी करून पाहिली. द्वारकाबाईंना वाटलं, पोरीला कळलं नाही, म्हणून त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. रोज सकाळी पूजा झाली की त्या दिवसाची गोळी कापून देवापुढच्या वाटीत ठेवायची. दुपारी जेवण झालं की घ्यायची. पण उपासाला जेवण कुठं असतं? दिवेलागणीला चिमूटभर भगर, ते काही जेवण नव्हे. आणि चिठ्ठीत तर लिहिलंय की जेवणाशिवाय घेऊ नये. मग त्या दिवसाची गोळी डब्यात. पट्टी मागं रेंगाळायला नको, ती दिवसाच्या दिवशी पुढं सरकलीच पाहिजे.

"तूच लिवलंस की. वर दोन रेघा मारल्यास," त्या म्हणाल्या.

"पण एवढे उपास तुम्ही कधीपासून धरायला लागलात? आजारपणात तर बंद केले होते ना?"

"बरं वाटाय लागलं तवापास्नं. पेढे वाटले बग, तवा. देवीनं बरं केलं, तिचं काय तरी फेडाय नगं? मंगळवार तिचा धरला. नवरात्र तर हायच. दोन्ही एकादशा ह्यांच्या गुडघ्यासाटी."

ओट्यावरून लिंबाजीनं मान वळवली. आपल्या गुडघ्यावर महिन्याला दोन दिवस खर्ची पडतायत, हे त्यालाही आजच कळत होतं.

"आणि चतुर्थी? संकष्टीला पण तुम्ही जेवत नाही."

"ती हाय आशीच. तुला काय करायचंय?" द्वारकाबाईंनी विषय झटकला.

वैष्णवीनं डबा जमिनीवर उपडा केला आणि दहा-दहाचे ढीग लावले. एकशे तेरा. सोळा महिन्यांत एकशे तेरा दिवस आत्याबाईंनी गोळी घेतलेली नव्हती. बरं वाटायला लागलं म्हणून उपास धरले, उपास धरले म्हणून गोळी चुकली, गोळी चुकली म्हणून आकडा चढला. खाचेचा आकार बदललाय की काय म्हणून मुंबईपर्यंत रक्त गेलं होतं, आणि कारण हाताच्या अंतरावर पेढ्यांच्या डब्यात पडून होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वैष्णवी हसायला लागली. हसता हसता तिला रडू फुटलं आणि थांबेनाच.

योगीराज दुकानातून जेवायला आला होता तो दारातच उभा राहिला. "काय झालं? रिपोर्ट आला का?"

"अहो, गोळी हरलेली नाही," वैष्णवी डोळे पुसत म्हणाली. "तिला कामावर जाऊच दिलं नाही कुणी."

तिनं तिथल्या तिथं अर्पिता मॅडमना फोन लावला. एकशे तेरा हा आकडा मॅडमनी पुन्हा एकदा विचारून घेतला. मग त्यांचा मोठा श्वास फोनमधून ऐकू आला. "बरं झालं सापडलं. मी तर मनातून दुसऱ्या गोळीवर जाऊन बसले होते. मुंबईचा रिपोर्ट येऊ द्या, पण आजपासून रोज. उपास असला तरी. भगर खाऊन घेतली तरी चालेल, फक्त पोटभर खायची आणि वर मोठा पेलाभर पाणी प्यायचं."

घरातला वारा एका फोननं बदलला. लिंबाजी उठून आत आला आणि चहा टाक म्हणाला. चार वाजायच्या आत चहा मागायची त्याची गेल्या आठ दिवसांतली ती पहिलीच वेळ.

पण द्वारकाबाई अशा सहजी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. भगर खाऊन गोळी, हे त्यांना पटेना. "तिनं मला बरं केलं, आन् तिच्याच दिशी म्या औशद खाऊ? म्हंजी तिच्यावर माजा इश्वास न्हाय, आसंच व्हतंय की."

वैष्णवीच्या तोंडावर आलं होतं की हा विश्वासाचा प्रश्न नाही. पण चार वर्षांपूर्वीही ती असाच एक हुकूम चिकटवून मोकळी झाली होती. आत्याबाईंनी कारण विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. दुसऱ्यांच्या पोरांना तीनतीनदा समजावणारी बाई, घरात दोन रेघा मारून निघून गेली होती. दिव्याखालचा अंधार म्हणजे तरी काय वेगळं? तिला स्वतःची लाज वाटली. ती सासूच्या शेजारी सरकून बसली.

"आत्याबाई, महालिंगप्पाचं आवतण आठवतंय?"

लिंबाजी चहा पिता पिता खोकला. हा त्या घरातला जुना विषय. गावाकडं कुणाकडं कार्य असलं की महालिंगप्पा घरोघर जाऊन जेवणाचं आवतण द्यायचा. योगीराजच्या बारशाला त्यानं दिवस चुकवला आणि आदल्या दिवसाचंच जेवण गावभर सांगून आला. चूल पेटलेली नाही, डाळ भिजलेली नाही, आणि दारात साठ माणसं तांब्या घेऊन हजर.

"मेल्यापायी हात पाय धुवायला पानी बी उरलं न्हवतं," द्वारकाबाई म्हणाल्या.

"तुमच्या अंगात तसाच एक महालिंगप्पा आहे. पेशी म्हणजे एक गाव समजा. त्याच्या मधोमध एक घर, केंद्रक म्हणतात त्याला. तिथं सगळ्या कामांची पोथी ठेवलेली असते. बाहेरून खरं बोलावणं आलं, की निरोप्या आत जातो आणि पोथीतलं हवं ते पान उघडतो. तुमचा हा निरोप्या मात्र कुणी धाडलेला नसताना आवतण देत फिरतो. आतलं पान उघडं ते उघडंच. मग नको असलेल्या पेशी पंगतीला येऊन बसतात, आणि खऱ्या माणसांना जागा उरत नाही. गोळी काय करते? त्याच्या तोंडावर हात धरते. बस्स, एवढंच. त्याला मारत नाही. दिवसभर हात धरून बसते. दुसऱ्या दिवशी नवी गोळी आली नाही, की हात सुटतो."

"आन् सुटला की ह्यो चालला गावभर."

"हो."

द्वारकाबाई गोळ्यांच्या ढिगांकडं बघत राहिल्या. त्यांनी एक ढीग बोटानं उगाच सरळ केला. "म्हंजी म्या उपाशी, आन् माज्याच अंगात पंगती उठत व्हत्या."

वैष्णवीनं एकेक ढीग परत डब्यात भरायला घेतला.

"एकशे तेरा पंगती," त्या म्हणाल्या. "देवीला वाटलं आसल, ही बाई काय करती हे." मग बराच विचार करून त्यांनी निकाल दिला. "दुपारचीच खाते भगर. शेंगदान्याची आमटी घालून, पोटभर. संध्याकाळी नुसतं पानी. आन् गोळी आदी तिच्या पायाशी ठिवीन, मग घीन. तिनंच दिल्यावानी व्हतंय."

त्या उठल्या, फडताळापाशी गेल्या आणि वैष्णवीचाच लाल स्केचपेन मागून घेतला. चिठ्ठीच्या खाली, तिरक्या मोठ्या अक्षरांत, त्यांनी लिहिलं, 'उपासाला भगर खाऊन.' आणि खाली दोन रेघा मारल्या.

मुंबईचा रिपोर्ट आठवड्यानं आला. खाचेत काहीही बदल नव्हता. गोळी अजून तिथं बसत होती, फक्त ती रोज पोचायला हवी होती. त्या दिवशी वैष्णवीनं अकरावीला सगळी आकृती एका दमात काढली, बाहेरच्या निरोपापासून आतल्या पानापर्यंत, आणि खडू कुठंही थांबला नाही.

त्यानंतर दर मंगळवारी, एकादशीला, चतुर्थीला दुपारी एकच्या सुमाराला वैष्णवीचा फोन वाजायचा. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना तो ओळखीचा झाला होता. पलीकडून एकच शब्द यायचा, "घेतली." आणि फोन बंद. तीन महिन्यांत हा फोन एकदाही चुकला नाही. चैत्रातल्या एका एकादशीला नेटवर्क नव्हतं, तर द्वारकाबाईंनी लिंबाजीला रिक्षात घालून कॉलेजला पाठवलं. त्यानं फाटकापाशी उभं राहून शिपायाला सांगितलं, "मॅडमला सांगा, घेतली म्हनाव."

मे महिन्याच्या शेवटी पुन्हा रक्त दिलं. आकडा आला त्या दिवशी वैष्णवीला सुट्टी होती. योगीराजच्या फोनवर कागद आला, त्यानं तो न बघताच बायकोच्या हातात दिला. वैष्णवीनं एकदा वाचला, पुन्हा एकदा वाचला.

"शून्य पूर्णांक दोन," ती म्हणाली. "एक पूर्णांक चारवरून. उतरणीला लागला, आत्याबाई. मॅडमनी खाली लिहिलंय, हीच गोळी चालू ठेवा, आजींना शाबासकी द्या."

लिंबाजीनं भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून घेतले. योगीराज चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी हसला. वैष्णवी होती तिथंच खाली बसली. किती हलकं वाटत होतं ते तिला सांगता आलं नसतं.

तेवढ्यात द्वारकाबाई उठल्या, पदर खांद्यावरून घेऊन देवापुढं उभ्या राहिल्या आणि हात जोडले. घरातल्या तिघांनी एकमेकांकडं बघितलं. मागच्या आनंदाला या बाईनं एकशे तेरा उपास धरले होते.

"आई," योगीराज घाबरत म्हणाला, "आता काय धरू नकोस."

"धरत न्हाय. सोडते हाय," द्वारकाबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "चतुर्थीचं उद्यापन करते म्हनून सांगितलं. ती काय आता लागत न्हाय."

"का हो? चतुर्थीच का?" वैष्णवीनं विचारलं.

"ती तुज्या नोकरीसाटी व्हती की. तासावर शिकवायचीस, किती वर्सं झुरत व्हतीस. गेल्या जूनला कायम झालीस. तवाच सोडायची, पन म्हनलं ऱ्हाऊ दे, नोकरी पक्की मुरू दे."

वैष्णवी बघतच राहिली. तिच्या नोकरीसाठी दर महिन्याला एक गोळी डब्यात गेली होती, आणि ती रविवारी पट्टी बघून निश्चिंत होत होती. तिचे डोळे भरून आले. ती उठून गेली आणि सासूच्या पायाला हात लावला. द्वारकाबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं.

"रडाय काय झालं? उद्यापनाला एकवीस मोदक लागत्यात, आन् गल्लीला जेवन. पुढच्या चतुर्थीला. तूच जा आवतण द्यायला. महालिंगप्पावर सोडू नगं."

पुढच्या चतुर्थीला सकाळी वैष्णवी पदर खोचून गल्लीत निघाली. पहिल्यांदा शेजारच्या रुद्रम्माच्या दारात, मग समोरच्या ओळीत, मग पार हायवेच्या कोपऱ्यापर्यंत. प्रत्येक दारात तिनं दिवस आणि वेळ दोनदा सांगितली. रात्री चंद्र उगवल्यावर अंगणात पंगत बसली, आणि द्वारकाबाई सगळ्यांच्या बरोबरीनं पोटभर जेवल्या. जेवण झाल्यावर त्यांनी लिंबाजीपुढं तळहात धरला, आणि त्यानं देवीच्या पायाशी ठेवलेली, आजच्यापुरती दुपारऐवजी या जेवणावर नेलेली गोळी खिशातून काढून त्यावर ठेवली.